मास्तरांसाठी राखलेली खुर्ची

इंग्रजीत मी एम. ए. झालो होतो, पण इंग्रजीत कुणाकडे कधी पाणी मागितलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. असा मी सत्तरच्या दशकात शिरूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. एक दिवस प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, की पुण्याच्या एका कारखान्याला स्टोअरमध्ये इंग्रजी बोलू शकणारी दोन मुलं हवी आहेत. शेवटच्या वर्षातली दहा घ्या, महिनाभर बोलायला शिकवा आणि दोन नावं द्या. मी 'हो' म्हणालो. कळो न कळो, 'हो' म्हणून टाकायची मला खोड होती.

बोलायला शिकवायचं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी 'माझं कॉलेज' या विषयावर दीड पान लिहिलं, सायक्लोस्टाइल करून वाटलं आणि पाठ करून घेतलं. मग प्रश्न विचारायचो. आपल्या कॉलेजला दरवाजे किती? वाचनालय कुठं आहे? मुलं एका सुरात उत्तरं द्यायची. त्यातले दोघे तर ते दीड पान श्वास न घेता म्हणत. पाबळकडचा एक उंच मुलगा मात्र उभा राहायचा, माझ्याकडे बघायचा आणि खाली बसायचा. ही नोकरी त्याला किती हवी होती, ते सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. घरची जमीन नव्हती. परीक्षा झाली की गावी जाऊन दुसऱ्याच्या शेतावर रोजानं जायचं, एवढंच पुढं होतं. पण तोंडच उघडत नाही म्हटल्यावर मी काय करणार? शनिवारी मी त्या दोघा पाठांतरवाल्यांची नावं प्राचार्यांना देऊन टाकली.

रविवारी सगळ्यांना दौंडला नेलं. रेल्वेचं गाव, तिथं एक निवृत्त अँग्लो-इंडियन मेल-ड्रायव्हर राहत होता. खरं इंग्रजी मुलांच्या कानांवर पडावं, म्हणून एका ओळखीच्या क्लार्कमार्फत मी त्याची वेळ घेतली होती.

एस. टी.तून उतरून आम्ही बंगलीवर पोचलो. मुलं पांढऱ्या सदऱ्यांत, पुढं. मी बुशशर्टात, सव्वीस वर्षांचा आणि अंगानं किडकिडीत, सगळ्यांच्या मागं पेरूंची पिशवी घेऊन. म्हाताऱ्यानं मला काहीतरी विचारलं. शब्द असे एकात एक घुसलेले, की मला एकही सुटा करता आला नाही. मी म्हणालो, 'येस सर.' त्यानं रस्त्याकडे बोट करून पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो, 'येस सर.'

तो आत गेला, वेताची खुर्ची घेऊन आला, पुसली आणि व्हरांड्याच्या मधोमध ठेवली. मी बसायला गेलो, तर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मुलांमध्ये बाकावर बसवलं. मला वाटलं, त्यांच्याकडची पद्धत असेल.

मग त्यानं मी निवडलेल्या पहिल्या मुलाला विचारलं, यंदा तुमच्याकडे काय पिकलं? एवढं मलासुद्धा कळलं. मुलानं 'माझं कॉलेज' सुरू केलं. म्हातारा दुसऱ्या परिच्छेदापर्यंत ऐकत राहिला. मग तोच प्रश्न त्यानं पाबळच्या मुलाला विचारला.

तो बोलला. क्रियापदं पडतील तिथं पडत होती, पण थांबत नव्हता. दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली, ते त्यानं सांगितलं. दगड कसा फुटतो, हे म्हाताऱ्याला कळेना, तर हातवारे करून दाखवलं. मग म्हातारा इंजिनात कोळसा कसा टाकतात, ते सांगू लागला आणि हा उलट प्रश्न विचारू लागला. तासभर चाललं. मधूनमधून म्हातारा रस्त्याकडे बघायचा. सभ्यता म्हणून मीही बघायचो.

परतीच्या गाडीत मी त्या मुलाशेजारी बसलो.

"ते सारखे रस्त्याकडे काय बघत होते रे?"

"ऱ्हाऊ द्या सर."

"सांग की."

"त्यांनी तुम्हाला इचारलं, पोरांचं मास्तर मागनं येत्यात का. तुम्ही व्हय म्हणलात. दोनदा."

"आणि ती खुर्ची?"

"तुमचीच हुती."

"मग तू नाही का सांगायचंस त्यांना?"

"तुम्ही व्हय म्हणल्यावर म्या न्हाई कसं म्हणू?"

पुढची सीट हसायची थांबली, तेव्हा मी विचारलं, हे इंग्रजी आणलंस कुठून? त्याचा मामा दौंडला ड्रायव्हर-गार्डांच्या विश्रांतिगृहात स्वयंपाकी होता. सगळ्या सुट्ट्या याच्या तिथंच गेल्या होत्या.

"मग वर्गात काय झालं होतं?"

"तुम्ही तुम्हाला म्हाईत असलेलंच इचारता सर. कॉलेजला दरवाजे किती. त्यात सांगायचं काय?"

सोमवारी मी पाबळच्या मुलाचंही नाव द्यायला प्राचार्यांकडे गेलो. नावांचं पत्र अजून टपालात पडलं नव्हतं. तिसरं नाव का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा खुर्चीसकट सगळं सांगणं भाग पडलं. ते हसले नाहीत. पेन काढून त्यांनी तिसरं नाव लिहिलं.

"तिघं जाऊ देत. निवड त्यांनाच करू दे," ते म्हणाले. "तुमच्यावर पुन्हा कशाला भार?"

मुलाखतीच्या दिवशी शिक्रापुराजवळ गाडी पंक्चर झाली आणि तिघेही उशिरा पोचले. साहेबानं पहिलाच प्रश्न केला, उशीर का? त्याचं उत्तर दोघांच्या दीड पानात नव्हतं. तिसऱ्यानं पंक्चर, जॅक आणि कंडक्टरचं भांडण, सगळं सांगितलं. त्याला घेतलं. दोघांतल्याही एकाला घेतलं. दुसरा पुढं गावच्या सोसायटीत लागला, आणि भेटला की अजून मला 'माझं कॉलेज' म्हणून दाखवतो.

पहिल्या सुट्टीत पाबळचा मुलगा मला पेढे द्यायला आला. आधी दौंडला त्या म्हाताऱ्याकडे जाऊन आला होता.

"दौंडचे साहेब काय म्हणाले?" मी विचारलं.

"खूश झाले. मग इचारलं, तुमचं मास्तर आलं का शेवटी?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हणलं, येत्यात."