हळदीकुंकवाला ताईंना बोलावणं नाही

“महिनाअखेर फ्लॅट रिकामा करून द्या, मॅडम,” पागनीस काकू म्हणाल्या. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुळशीला पाणी घालत होत्या, आणि कुंडी केव्हाच भरून खाली वाहायला लागली होती.

“पण काकू, झालं काय?”

“लोकांना त्रास होतो. सकाळी-सकाळी.”

“कसला त्रास?”

“आता मी काय सांगू? तुम्हाला समजत नाही का? त्या मुली... तशा आहेत ना.”

त्या मुलींमध्ये सगळ्यात लहान जी आहे तिनेही तिशी ओलांडलेली. मी इंदूरच्या एका संस्थेत सोशल वर्कर आहे. आमच्याकडे बौद्धिक दिव्यांग माणसं येतात, म्हणजे ज्यांना एखादी गोष्ट समजायला, शिकायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. अशांनी जन्मभर हॉस्टेलच्या लांबलचक खोलीत ओळीने खाटा टाकून का राहायचं? साध्या वस्तीत, साध्या घरात राहावं, लागेल तेवढीच मदत घ्यावी. याला आमच्या भाषेत सपोर्टेड लिव्हिंग म्हणतात. राजेंद्र नगरमध्ये पागनीस काकूंची छोटीशी बिल्डिंग आहे. खाली त्या आणि काका राहतात, वर भाडेकरू. त्यातला एक फ्लॅट आमच्या तिघींना मिळाला होता, आणि तो मिळवताना माझ्या चपला झिजल्या होत्या.

तिघींची ओळख करून देते. सुलभाताई माझ्याच वयाच्या. मी त्यांना सुलभाताई म्हणते, त्या मला ताई म्हणतात. दोघींत मोठी कोण, याचा निकाल अजून लागलेला नाही. बोलतात सावकाश, पण बोललेलं मागे घेत नाहीत. मंगल सगळ्यात लहान. तिला सगळ्या जगाची काळजी, आणि पायात भिंगरी. तिसरी किरण. ती पोलोग्राउंडला एका कारखान्यात पॅकिंगचं काम करते, एकटी बसने जाते-येते, आणि बोलते फारच कमी. एक मदतनीस बाई दुपारी येऊन जाते. बाकी घर त्यांचं त्या चालवतात.

आणि हेच घर आता जाणार होतं. दुसरं घर लगेच मिळणं कठीण. म्हणजे तिघी परत हॉस्टेलमध्ये. तिथे वॉर्डन म्हणेल तेव्हा दिवा बंद, वॉर्डन देईल तेव्हा चहा.

ऑफिसात येऊन सक्सेना सरांना सांगितलं. सर आमचे डायरेक्टर. माणूस सज्जन, पण कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध, ते म्हणजे पीपीटी.

“बिहेवियर इश्यू होगा,” सर म्हणाले. “बिल्डिंग में एक अवेअरनेस सेशन रख लेते हैं. प्रोजेक्टर भिजवा देता हूँ.”

“सर, लोकांना त्रास कसला होतो तेच माहीत नाही. पीपीटीत काय दाखवू?”

“वो देख लेंगे. और सुनिए, उन तीनों को अभी मत बताना. अपसेट हो जाएँगी.”

इथे माझं डोकं सटकलं. घर त्यांचं, काढतायत त्यांना, आणि बातमी तेवढी त्यांना सोडून सगळ्यांना. मी सरांना स्पष्ट सांगितलं की संध्याकाळी जाऊन मी सांगणार आहे. सरांनी हात जोडले, म्हणजे वरच्या देवाला की मला, ते कळलं नाही.

संध्याकाळी गेले. सुलभाताई कणीक मळत होत्या. मी काहीही गोड न करता सांगितलं, काकू घर रिकामं करायला म्हणतायत, बिल्डिंगवाल्यांना त्रास होतो म्हणून. मंगल रडायलाच लागली. किरण उठून गॅलरीत गेली आणि वाळलेले कपडे काढून पुन्हा तिथेच वाळत घालायला लागली. मला फार वाईट वाटलं. असं वाटलं, सांगितलं नसतं तर बरं झालं असतं का?

सुलभाताईंनी मात्र मळणं थांबवलं नाही. “कोण म्हणतं?”

“बिल्डिंगवाले.”

“बिल्डिंगवाले म्हणजे कोण? नाव सांगा.”

“नाव नाही माहीत मला.”

“काय त्रास होतो?”

“तेही नाही सांगत कोणी.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता ही बाई मला बिनकामाची ठरवणार. मग म्हणाल्या, “मग बोलवू सगळ्यांना. घरी. चैत्र आहे ना. हळदीकुंकू करू.”

आमच्या इंदुरी मराठी घरांत चैत्रगौरीचं हळदीकुंकू अजून जोरात होतं. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. हिंदी बोलणाऱ्या शेजारणीही हौसेने येतात, त्यांना डाळ भारी आवडते.

“तुम्ही कधी केलंय?” मी विचारलं.

“आई करायची. अन्नपूर्णा रोडला आमचं घर होतं ना. मोठं करायची.”

“मग तुम्ही काय करायच्या?”

“मी आतल्या खोलीत. बायका जाईपर्यंत.”

हे त्यांनी मीठ संपलंय म्हणावं इतक्या सहज सांगितलं.

मग तयारी सुरू झाली, आणि मी सवयीप्रमाणे मध्ये नाक खुपसलं. म्हटलं, पन्हं मी घरून करून आणते. नको. बरं, डाळ तरी वाटून देते, माझ्याकडे मोठा मिक्सर आहे. नको. मंगल दारोदार जाऊन आमंत्रणं करून आली. तिला विचारलं, कोणाकोणाला बोलावलंस? म्हणाली, “सगळ्यांना. जी बाई दिसली तिला.” त्यात समोरच्या दवाखान्यात औषध घ्यायला आलेली एक पेशंटही होती म्हणे.

हळदीकुंकवाच्या दिवशी मी साडी नेसून, गजरा माळून वेळेआधी हजर. दारातच सुलभाताईंनी मला थांबवलं.

“ताई, तुम्ही नका येऊ.”

“म्हणजे?”

“तुम्ही असल्या की सगळे तुमच्याशीच बोलतात. आम्ही बसलेल्या असतो, आणि तुम्हाला विचारतात, यांना काय आवडतं, या गोळ्या घेतात का. तुम्ही नंतर या.”

आता हिला काय म्हणावं! आपलं म्हणणं आपण मांडायचं, दुसऱ्याला मांडू द्यायचं नाही, याचं ट्रेनिंग या बाईला मीच दिलेलं. चांगलं वर्षभर दिलेलं. ते असं माझ्यावरच उलटेल असं काही ट्रेनिंगमध्ये नव्हतं. राग आला, हसूही आलं. वर गजरा! पण त्यांचं घर, त्यांचा कार्यक्रम. मी गुपचूप जिना उतरले आणि समोरच्या नुक्कडवरच्या रसवाल्याकडे जाऊन बसले.

तेवढ्यात सरांचा फोन. “कैसा चल रहा है?”

“सुरू होतंय, सर.”

“अंदर कौन-कौन है अपना?”

“तिघीच आहेत.”

“और आप?”

“मी समोर गन्ने का रस पिते आहे, सर.”

सर म्हणाले, “मॅडम, कुछ गड़बड़ हुई ना, तो मकान भी गया और हमारा नाम भी.” मलाही तेच वाटत होतं, पण म्हटलं, “होऊ दे सर, बघू,” आणि फोन ठेवला. जीव टांगणीला लागलेला. रसवाले भिया म्हणाले, “मैडम, एक और बना दूँ?” मी म्हटलं, बनवा. नाहीतरी काय करणार होते?

बायका यायला लागल्या. जिना रस्त्याकडे उघडा, त्यामुळे कोण येतंय ते मला तिथून दिसत होतं. पागनीस काकू आत गेल्या. वरच्या मजल्यावरची नवीन लग्न झालेली मुलगी गेली. सगळ्यात शेवटी दुबे भाभी आल्या. त्या तिघींच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात, जुन्या भाडेकरू, बिल्डिंगमध्ये त्यांच्या शब्दाला वजन. चेहरा असा होता, जसं काही कोणीतरी ढकलून पाठवलंय. माझ्या मनात आलं, तक्रार यांचीच असणार.

थोडा वेळ बरा गेला, आणि मग वरून भाभींचा चढलेला आवाज आला. मी ग्लास तसाच ठेवला आणि रस्ता ओलांडून जिना चढायला लागले. वळणापर्यंत पोहोचले. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं.

“रोज! रोज सुबह!” दुबे भाभी म्हणत होत्या. “घंटी पे घंटी, घंटी पे घंटी! मेरे ससुर दिल के मरीज हैं, घबरा के उठ बैठते हैं!”

“गाड़ी आती है ना,” हा मंगलचा आवाज. “कचरागाड़ी. निकल जाती है फिर.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या शहरात सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते, आणि ओला-सुका वेगळा केलेला कचरा घेऊन प्रत्येकाने वेळेत खाली पोहोचायचं असतं. कोणाची गाडी चुकू नये म्हणून आमची मंगल रोज सकाळी सगळ्या मजल्यांवर पळत जाऊन प्रत्येक दाराची बेल वाजवत होती! इतकंच. यालाच काकू त्रास म्हणत होत्या, आम्ही बिहेवियर इश्यू म्हणत होतो आणि सर त्यावर प्रोजेक्टर पाठवणार होते.

माझा एक पाय वरच्या पायरीवर. आत जावं, भाभींना समजवावं, मंगलला सांभाळावं. तेवढ्यात सुलभाताईंचा सावकाश आवाज आला.

“भाभी, हमको बोलना था ना. आप काकू को बोले. काकू ताई को बोली. ताई को कुछ समझाच नहीं. हमको किसी ने नहीं बोला.”

ताई जिन्यात होती, तिला ते चांगलंच समजलं.

“अब तुमको... क्या बोलते,” भाभी म्हणाल्या. आवाज जरा खाली आला होता.

“ऐसाच. जैसा अभी बोला.”

कोणीतरी हसलं. मंगलने नाक ओढल्याचा आवाज आला. ती रडणार, मला माहीत होतं. पण ती म्हणाली, “आपकी घंटी नहीं बजाऊँगी. दादाजी डरते हैं तो नहीं बजाऊँगी. बस?”

“बस,” भाभी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “और तू रो मत. डाँटा है, मारा थोड़ी है.”

“दीदी, हमारी बजा देना,” वरच्या मजल्यावरची मुलगी म्हणाली. “हमारी गाड़ी रोज छूटती है.”

“माझीही वाजव गं,” या काकू. “पण एकदाच. बोट ठेवून उभी राहत जाऊ नकोस.”

इतक्या वर्षांत मंगलला लोकांनी लाडावलं होतं, टाळलं होतं, तिच्याबद्दल माझ्या कानात कुजबुजलं होतं. तोंडावर असं रीतसर भांडलं कोणी नव्हतं. भाभी तिच्याशी तशाच भांडल्या, जशा कोणाही शेजारणीशी भांडल्या असत्या. मला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले. मग कोणी बघायच्या आत मी मुकाट्याने खाली उतरले.

शेवटी मंगल मला बोलवायला आली. “या आता. पाहुण्या गेल्या.” वर गेले. किरणने माझ्यावर गुलाबपाणी शिंपडलं. शिंपडलं म्हणजे जवळजवळ आंघोळच घातली. डाळीत मिरची अशी की कानातून धूर निघावा, पण चव एकदम सही. सुलभाताईंनी मला हळदीकुंकू लावलं, ओंजळभर हरभरे दिले, आणि समोरच्या खुर्चीवर टेकून बसल्या. चेहऱ्यावर असा थकवा होता, जो फक्त यजमानणीच्याच चेहऱ्यावर असतो.

पागनीस काकू अजून बसलेल्याच होत्या. मला राहवेना. मी विचारलं, “काकू, मग फ्लॅटचं काय ठरवलंत?”

काकूंनी पन्ह्याचा घोट घेतला. “आमचं झालंय बोलणं. मला काय विचारता? सुलभाताईंना विचारा.”

त्यांच्या तोंडून ‘त्या मुली’ सोडून दुसरं काही मी पहिल्यांदाच ऐकलं. मी वळून सुलभाताईंना विचारलं.

“राहायचंय,” त्या म्हणाल्या. “काकू म्हणाल्या, राहा. पण गच्चीवर त्यांचे पापड असले की किरणने तिथे फिरायचं नाही. तुडवते ती.”

“हाओ,” किरणने होकार दिला. त्या दिवसातला तिचा हा एकच शब्द.

सरांना फोन करून सांगितलं, घर राहिलं. सर खूश. म्हणाले, हँडल किसने किया? मी म्हटलं, त्यांनीच. सर म्हणाले, नहीं-नहीं, अपने यहाँ से किसने? मी म्हटलं, सर, अपने यहाँ से तर मी बाहेर बसले होते.

त्यानंतर पागनीस काकूंचे मला फोन येणं बंद झालं. आधी बरं वाटलं. मग खरं सांगते, जरा चुकल्या-चुकल्यासारखं झालं. शेवटी एक दिवस मीच फोन लावला.

“काकू, सगळं ठीक ना?”

“हो, अगदी. परवा मात्र सुलभाताईंशी माझं जोरदार वाजलं, पाण्याच्या मोटरवरून. दोन दिवस बोलत नव्हतो.”

“अरे देवा! मग मला का नाही सांगितलंत?”

“अहो, आम्हा शेजारणींची भांडणं,” काकू म्हणाल्या. “तुमचा काय संबंध?”

मी फोन ठेवला. आमच्या कामात आपल्यावाचून अडेनासं झालं की काम जमलं असं समजतात. ते मनाला लावून कसं घ्यायचं नाही, हे मात्र कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.