भोंग्याखालची झोप

तिला सगळे भोंगाताई म्हणत. चोर शिरला की बोंब ठोकणारी यंत्रं दुकानांत, घरांत आणि गोदामांत बसवणं हा तिचा धंदा, आणि तिचा स्वतःचा आवाजही असा की फोनवर बोलायला तिला फोनची गरज नाही, असं शेजारी म्हणत. नवऱ्याचा धंदा कुलपांचा. दोघांचा गाळा एकच. डाव्या भिंतीवर त्याच्या किल्ल्या लटकायच्या, उजव्या भिंतीवर हिचे भोंगे. गिऱ्हाईक आलं की नवरा सांगायचा, "माझा माल तोंड मिटून बसतो, हिचा माल तोंड उघडून. आमच्या घरात काय चालतं ते यावरून ओळखा."

ती हसायची नाही, पण रागवायचीही नाही. पन्नाशी उलटली तरी खांद्यावर शिडी टाकून चार मजले चढायची. कुठल्याही खोलीत शिरली की तिची नजर आधी खिडक्यांकडे जायची, मग माणसांकडे. नणंदेने हौसेने नवं घर दाखवलं आणि "कसं वाटलं?" म्हणून विचारलं, तेव्हा ही म्हणाली, "छान आहे. पण मागच्या मोरीच्या खिडकीतून मी चहा निवायच्या आत तुझ्या कपाटापर्यंत पोचेन." त्यानंतर नणंद बरेच दिवस तिच्याशी बोलली नाही.

अशा या भोंगाताईच्या दुकानात एक दिवस कवळीवाले काका आले. त्यांनी जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवल्या होत्या आणि निवृत्त झाल्यावर एक छोटी बोट घेतली होती. पुढे एवढीशी केबिन, तीत दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील इतपत जागा. मासे धरायचे नाहीत, शर्यती लावायच्या नाहीत. घरात बायको, बहीण आणि बहिणीचा टीव्ही असे तिघं एकदम बोलायला लागले की काका बोटीत जाऊन बसायचे. पण कोणीतरी आधी बोटीचं इंजिन नेलं, मग गाद्या नेल्या, आणि परवा केबिनचं दार उचकटून किटली नेली.

"इंजिन काय, नवीन घेता येतं हो," काका म्हणाले. "पण किटली! तो माणूस आता माझ्या किटलीत चहा करून पीत असेल, ते डोळ्यांसमोरून हलत नाही."

"बसवू की आपण यंत्र," भोंगाताई म्हणाली.

"बोटीवर कधी बसवलंय?"

"नाही. पण दार, खिडकी आणि छप्पर असलं की मला पुरतं."

बोटीत तिने तोवर पायसुद्धा ठेवला नव्हता, हे मात्र तिने सांगितलं नाही.

धक्क्यावरून बोटीत उतरली तेव्हाच तिला कळलं की हे प्रकरण वेगळं आहे. घर कसं, पाय ठेवला तरी तुमच्याकडे ढुंकून बघत नाही. ही बोट लगेच तिच्या बाजूला कलली, जशी विचारतेय, कोण गं तू? तासाभरात तिचा एक स्क्रू ड्रायव्हर पाण्यात गेला. पाण्याने तो गिळला आणि ढेकरही दिली नाही. दुपारपर्यंत पोटात ढवळायला लागलं, तेव्हा काकांनी तिला धक्क्यावर बसवून आल्याचा तुकडा चघळायला दिला. पुन्हा खाली उतरून तिने ड्रिल हातात घेतलं आणि विचारलं, "काका, इथे भोक पाडलं तर बुडणार नाही ना?"

"तिथे पाडलंत तर नाही. वीतभर खाली पाडलंत तर दोघंही."

दाराच्या चौकटीत तिने चुंबक बसवलं, दार उघडलं की ओरडणारं. केबिनच्या कोपऱ्यात डोळा बसवला, अंगाची ऊब हलताना दिसली की ओरडणारा. बॅटरी बाकाखाली, भोंगा छताला, आणि एक सिमकार्ड, जे एकाच वेळी काकांच्या आणि तिच्या फोनवर वर्दी देणार. खारी हवा तांब्याला खाते म्हणून प्रत्येक जोडाला ग्रीस फासलं. घरी जाताना नवऱ्याला म्हणाली, "आता किटलीला हात लावून दाखव म्हणावं."

दुसऱ्याच दिवशी भोंगा वाजला. धावत गेली तर केबिनमध्ये चिटपाखरू नव्हतं. पाण्यावरचं ऊन खिडकीतून आत येऊन भिंतीवर नाचत होतं, त्याला यंत्र चोर समजलं. खिडकीला पडदा लावला. चार दिवसांनी पुन्हा वाजला. या वेळी खुंटीवर काकांचा रेनकोट झुलत होता, उन्हाने तापलेला. बंदरातली माणसं कुजबुजायला लागली. शेजारच्या बोटीवाल्याने तर तोंडावर सांगितलं, "ताई, चोर परवडला."

ते वाक्य तिला झोंबलं. एवढ्या वर्षांत तिच्या यंत्राने कधी खोटी बोंब मारली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती एकटीच केबिनमध्ये जाऊन बसली. हत्यारं काढली नाहीत, नुसती बघत बसली. आणि तिच्या लक्षात आलं की या खोलीत काहीच स्थिर नाही. दोरी ताणली जायची आणि सैल पडायची. सावल्या जमिनीवरून भिंतीवर चढायच्या, परत उतरायच्या. सगळी खोली हळूच वर उचलली जायची, हळूच खाली यायची, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. तिला पहिल्यांदा वाटलं की आपण एखाद्या जिवंत गोष्टीच्या आत बसलोय. थोडी भीती वाटली, पण उठावंसं वाटेना.

तिने यंत्राचा डोळा वळवून जमिनीकडे केला, रेनकोट खाली काढला, आणि भोंगा गप्प झाला तो गप्पच.

पावसाळा सरत आला तेव्हा दोन दिवस वादळाने झोडपलं. तिसऱ्या सकाळी वारा पडला आणि इतकं दाट धुकं उतरलं की समोरच्या दुकानाची पाटी दिसेना. भोंगाताई चहाचा कप तोंडाला लावत होती, इतक्यात फोन वाजला. बोट.

"चोरच असू दे रे देवा," ती चपला शोधत म्हणाली.

"काय बाई आहे!" नवरा म्हणाला. "अगं, पोलिसांना कळवू का?"

"आधी बघते. पुन्हा रेनकोट निघाला तर ते मलाच धरून नेतील. तुम्ही दुकानाला कुलूप लावा आणि या मागून."

भोंग्याचा आवाज रस्त्याच्या टोकापासूनच कानठळ्या बसवत होता. धक्क्यावर काका हातात वल्हं उगारून उभे होते.

"आत आहे," ते तिच्या कानाशी ओरडले. "पण कुलूप शाबूत आहे!"

दाराला खरंच ओरखडासुद्धा नव्हता. फक्त बाजूची झडप उघडी होती, तळहाताएवढी. केबिनला कुबट वास येऊ नये म्हणून काका ती तशीच ठेवत. तिथून मांजरही नीट शिरलं नसतं. "बाहेर ये!" भोंगाताईने आवाज चढवला. आतून काहीच हाललं नाही. तिने कुलूप काढलं, काकांनी वल्हं आणखी वर उचललं, आणि तिने दार ओढलं.

केबिन पाखरांनी भरलेली होती.

अंगठ्याएवढी पाखरं, हिरवट करडी, सगळी सारखी. बाकांवर खांद्याला खांदा लावून बसलेली, फळीवर, गुंडाळलेल्या दोरीच्या वेटोळ्यांत, नव्या किटलीच्या दांडीवर. तिने मोठ्या नेटकेपणाने ओढलेल्या वायरवर तर अशी दाटीने ओळ होती की वायर दिसत नव्हती. काही जमिनीवर उतरली होती, तीच यंत्राच्या डोळ्याला दिसली असणार. आणि जवळजवळ सगळी झोपलेली. पिसं फुगवून, चोची पाठीत खुपसून.

ती तशीच उभी राहिली. ज्या भोंग्याने गल्लीतली कुत्री शेपूट घालून पळायची, तो यांच्या डोक्यावर वीतभर अंतरावर किंचाळत होता. आणि ही झोपली होती! किती थकलं म्हणजे असं झोपता येतं? तिने हात लांब करून, एकाही पंखाला धक्का लागू न देता, बटण दाबलं.

शांतता इतकी एकदम आली की तिला आपला श्वास ऐकू आला. मग हळूहळू आणखी काही ऐकू यायला लागलं. बारीक, असंख्य, रेशमावर बोट फिरवावं तसं. त्यांची पिसं हलत होती.

काकांनी वल्हं खाली ठेवलं. "समुद्रावरून आलीत," ते कुजबुजले. "थंडीच्या आधी पाखरं पाणी ओलांडून जातात म्हणतात. वादळात सापडली असतील. धुक्यात ही एवढी झडप दिसली असेल."

"ही? समुद्र ओलांडतात?" तिचाही आवाज कुजबुजीएवढा झाला होता, जो तिच्या आईनेसुद्धा कधी ऐकला नसेल.

दाराशी एक पाखरू मेलेलं होतं. काकांनी ते उचलून तिच्या तळहातावर ठेवलं. तिने बोटं मिटली, पुन्हा उघडली. हातात काही आहे असं वाटतच नव्हतं. चिमूटभर कापसाचंही याहून जास्त वजन लागलं असतं. या एवढ्याशा जिवाने पाण्यावर दोन दिवस वाऱ्याशी झुंज दिली होती. ती पायरीवर बसली. जमिनीवरचं एक पाखरू टुणटुण उड्या मारत आलं आणि तिच्या चपलेवर बसून, जणू चप्पल त्यासाठीच ठेवली होती अशा थाटात, डोळे मिटून झोपी गेलं.

तेवढ्यात नवरा धापा टाकत पोचला, हातात सगळ्यात जाड पाना. "कुठाय तो? कुठाय?"

तिने ओठांवर बोट ठेवलं आणि पाय न हलवता अंग बाजूला घेतलं. त्याने आत डोकावलं. जो माणूस दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीतही बोलायचा थांबत नसे, त्याचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. मग तो खाली बसला, पाना हलकेच बाजूला ठेवला, आणि बराच वेळ तिघंही एकमेकांना चिकटून दारात बसून राहिले. तिच्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला. तिने तो हलवला नाही.

उन्हं वर आली तसं धुकं विरळ झालं. आधी एक पाखरू दारातून बाहेर आलं, छपरावर बसलं, अंग झटकलं. मग दुसरं. मग त्या लहानशा केबिनमधून पाखरांचा नुसता लोटच निघाला, तिच्या कानांवरून, केसांवरून, नवऱ्याच्या टकलावरून, आणि त्यांच्या पंखांचा वारा तिच्या गालांना लागला. सगळी धक्क्यामागच्या झुडपांत उतरली आणि दिवसभर तिथे किडे टिपत राहिली. त्या दिवशी दुकान उघडलं नाही. दिवे लागायच्या वेळी थवा उठला. ती जमिनीकडे जातील असं तिला वाटलं होतं. पण थव्याने एक वळण घेतलं आणि तो सरळ समुद्राकडे गेला, ज्याने त्यांना झोडपून काढलं होतं त्याच समुद्राकडे. बघता बघता तो धुरासारखा झाला, आणि मग फक्त आभाळ राहिलं.

नवऱ्याने झडपेला बारीक जाळी बसवून द्यायची तयारी दाखवली. काका म्हणाले, "नको. चोर त्यातून येत नाही, आणि दुसरं कोणी आलं तर येऊ दे." मग भोंगाताईने यंत्राचा डोळा काढून टाकला आणि दाराचं चुंबक तेवढं ठेवलं. गिऱ्हाइकाला कमी माल विकण्याची तिच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

पुढच्या आठवड्यात आभाळ निवळलं तेव्हा ती आपणहून धक्क्यावर गेली. "काका, मला जरा समुद्रात आत न्याल? किनारा दिसेनासा होईपर्यंत."

काकांनी दोरी सोडली आणि नवं इंजिन सुरू केलं. बंदर मागे पडलं, मग घरं, मग टेकडी, मग टेकडीवरची निळसर रेघही. चहूकडे पाणी, काळसर, जड, क्षितिजापर्यंत एकही उंचवटा नाही. एक फांदी नाही, एक दगड नाही, पाय टेकायला तळहाताएवढी जागा नाही.

"पाखरांच्या वाटेतलं संपलं का अर्धं तरी?" तिने विचारलं.

"अर्धं?" काका हसले. "ताई, हे तर अंगण आहे."

ती उठून उभी राहिली. एका हाताने केबिनचं छप्पर धरलं, दुसरा डोळ्यांवर आडवा धरला आणि समोर बघत राहिली.

"काका," बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "इंजिन बंद करा जरा. त्यांना इथे काय ऐकू येत असेल ते ऐकू दे."