खिशातली दोन काडतुसं

काल लेकाबरोबर तंबू घ्यायला इथे आखातात, खैतान भागातल्या शिकारीच्या सामानाच्या एका दुकानात शिरले आणि बंदुकीच्या तेलाचा वास आला. शिकारीवर बंदी येण्याआधीची ती पहाट लख्ख समोर उभी राहिली. रत्नागिरीजवळच्या रानात मी बाबांच्या मागे दबून बसले होते. फ्रॉकच्या खिशात दोन काडतुसं होती, जवळच्या सावजासाठी छर्ऱ्यांचं आणि लांबच्यासाठी एका गोळीचं.

ओढ्यापलीकडे हरीण आलं. बाबांनी नजर न हलवता हात मागे केला. "किती लांब गं?"

"घरापासून मशिदीएवढं," म्हणत मी गोळीचं काडतूस त्यांच्या तळहातावर ठेवलं.

बार लागला की चुकला, आठवत नाही. आता या वयात साधा रस्ता ओलांडतानाही लेक माझा हात सोडत नाही. बाबांनी मात्र मी दिलेलं काडतूस न बघताच भरलं होतं.