गयाबाईंची विहीर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

अणुभौतिकी शिकलो आणि नोकरीभर एकच काम केलं: माती, पाणी, हवा यांतला किरणोत्सार मोजायचा. औरंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत लोक मला ‘किरणवाले सर’ म्हणत. आवडायचं मला ते — खोटं कशाला बोलू?

पिशोरजवळ गयाबाईंची विहीर होती. मेंढरं राखणारं घर. नवरा-बायकोनं स्वतः खणलेली. त्या पाण्यात रेडॉन — जमिनीतून झिरपणारा किरणोत्सारी वायू — भलताच जास्त निघाला. मी जीपनं गेलो, अंगणात उभ्या उभ्याच सांगितलं, “हे पाणी पिऊ नका.”

“मेंढरांला बी नाय?” गयाबाईंनी विचारलं.

“नाही.”

महिन्याभरानं प्रयोगशाळेत, त्या विहिरीचं पाणी ज्यात मोजलं होतं, ती बाटली हाताला लागली. रिकामी. सहज मोजून पाहिली — आकडा जवळपास तोच! उपकरण तपासायला मी तिच्यात आधी रेडॉन सोडणारं रेडियमचं द्रावण भरलं होतं, आणि नीट न धुताच त्यांचं पाणी ओतलं होतं. विहिरीत काहीच नव्हतं. चूक माझी होती.

तेव्हाच जायला हवं होतं ना? दोन तासांचा तर रस्ता. पण त्या विहिरीवरचा माझा शोधनिबंध पाठवून झाला होता, विभागात मला हार घालून झाला होता. आता ‘चुकलो’ म्हणायचं — कोणत्या तोंडानं? बाटलीत रेडियम भरल्याची नोंद असलेलं वहीतलं पान मी फाडलं. उद्या जाऊ, परवा जाऊ, म्हणत राहिलो.

सहा वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी पिशोरला गेलो. विहीर दगडमातीनं बुजवलेली. गयाबाई लांबच्या हापशावरून हंडा आणत होत्या. मला बघून थांबल्या.

“मेंढरं इकली साहेब. पानी पुरंना. इहीर बुजवताना मालक लई रडले,” त्या म्हणाल्या. “पर तुमी सांगितलं म्हून लेकरं वाचली आमची.”

आणि त्याच हंड्यातलं तांब्याभर पाणी त्यांनी माझ्यापुढं धरलं.

मी प्यायलो. सगळं — मी प्यायलो. जिभेवर आलं होतं हो, अगदी आलं होतं. पण “काळजी घ्या” एवढंच म्हणालो आणि जीपमध्ये जाऊन बसलो.

गयाबाई अजून आहेत. मी परत गेलेलो नाही.