शिल्लक राहिलेला दात

दात उपटायला इतका नाखूश दातांचा डॉक्टर अख्ख्या म्हैसुरात दुसरा सापडायचा नाही. हे गृहस्थ म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणतो. माणसाचा चेहरा त्यांच्या लक्षातच राहत नाही, राहतात ते दात. हुणसूरच्या एका लग्नात नवरदेव वाकून पाया पडला तरी काकांना ओळख पटेना. तो हसला मात्र, आणि भर मांडवात यांनी त्याच्या डावीकडच्या दाढेची चौकशी सुरू केली.

बोगादीतल्या त्यांच्या दवाखान्यात सरकारी विमा चालायचा. त्याची रीत सरळ होती: दात उपटला की ठरलेले पैसे, पूर्ण कवळी बसवली की त्याहून बरे पैसे. दात वाचवला तर काहीच नाही. कारण पुरावा म्हणून आधीचा आणि नंतरचा फोटो पाठवायचा, आणि वाचलेला दात दोन्ही फोटोंत सारखाच दिसतो. काका दात वाचवत बसायचे आणि घर मावशीच्या शाळेच्या पगारावर चालायचं.

अशात सरगूरहून एक मराठी अज्जी आली. अख्ख्या तोंडात एकच दात, खालच्या हिरडीत, पण खुंटासारखा पक्का. नाचणीच्या उकडीचा गोळा, त्याला तिकडे मुद्दे म्हणतात, तेवढं खायची, कारण ते चावायचं नसतंच, गिळायचं असतं. विम्याची कवळी मिळायची ती मात्र तोंडात एकही दात नसेल तरच. म्हणजे तेवढा उपटला की दोघांचंही काम झालं. अज्जी घाबरून म्हणाली, "डॉक्टरा, तेवढा एक राहू दे रे. चांगल्या दाताला सुम्ने, उगाच कशाला काढायचं?"

काकांना एवढंच ऐकायचं होतं. दाताभोवती जागा सोडून त्यांनी कवळी केली आणि अज्जीचा हसरा फोटो मोठ्या अभिमानाने विम्याच्या कचेरीत पाठवला. 'दात शिल्लक' असा शेरा मारून कचेरीने पैसे नाकारले. साहेबांना दात नीट दिसला नसावा, असं समजून काकांनी आणखी जवळून काढलेला फोटो पाठवला. यथावकाश दवाखान्याचं नाव योजनेतून निघालं आणि पेशंटही आटले.

परवा मी तिथे बसलो असताना अज्जीची मुलगी कवळी परत घेऊन आली. अज्जी गेली होती. दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल, असं मुलीला वाटलं. कवळीतल्या रिकाम्या जागेवरून काकांनी अंगठा फिरवला.

"शेवटी हलत होता का गं?"

"नाही डॉक्टर. तस्साच होता, घट्ट."

काका तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. एरवी बघत नाहीत. मला त्यांच्याविषयी फार माया वाटली. मग त्यांनी कवळी स्वच्छ धुऊन कपाटात ठेवली. ती दुसऱ्या कुणाच्याच तोंडात बसणार नाही, हे त्यांनी तिला सांगितलं नाही.