मधल्या किमतीची तलवार

माझं वर्क परमिट संपलं तो शुक्रवार होता. धातूंची तपासणी करणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये मी चार वर्षं काम करत होते. नव्या परमिटचा अर्ज वेळेत केला होता, पण परमिट हातात आलं नव्हतं, आणि ते येईपर्यंत मला एक तासही काम करता येणार नव्हतं. मॅनेजरने माझं ओळखपत्र काढून घेतलं. "लवकर परत ये," म्हणाला आणि मी बाहेर पडेपर्यंत दार धरून उभा राहिला.

सोमवारी नवरा गाडी घेऊन कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात कामाला गेला, मुलगी शाळेच्या बसने गेली, आणि मी ॲरिझोनातल्या चँडलरच्या आमच्या घरात पडदे ओढून एसीची घरघर ऐकत बसले. ऑगस्ट होता. सकाळी आठलाच अंगणातल्या नळाला हात लावता येत नव्हता. गाडी एकच. चालत जाण्यासारखं जवळपास एक औषधांचं दुकान, तेही ऊन उतरल्याशिवाय नाही.

नवऱ्याचं ग्रीन कार्ड अकरा वर्षांपासून रांगेत आहे. त्यामुळे तो नोकरी सोडत नाही. भारतात जायचं तर परत येताना पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का हवा, आणि त्या मुलाखतींच्या तारखा सारख्या पुढे ढकलल्या जातात. आमच्या ओळखीतले एक जण वडिलांच्या दिवसांना म्हणून गेले आणि पाच महिने तिकडेच अडकले. इथे बायको-मुलं, भाड्याचं घर, सगळं तसंच. तेव्हापासून आम्ही जायचं नावच काढत नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मी फोनच्या पडद्यावर पाहिलं. घरात खरी मोकळी एकटी मुलगी. ती इथे जन्मली, तिचा पासपोर्ट अमेरिकन.

त्या दिवसांत मी घराबाहेर पडायचे ती फक्त पहाटे, तलवारीच्या वर्गाला.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक चिनी बाई राहतात. वय सत्तरच्या पुढे, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. तळ्याकाठच्या बागेत साडेपाचला त्या ताई-ची शिकवतात आणि त्याबरोबर चिनी सरळ तलवारही. तिला त्या 'ज्येन' म्हणतात: दोन्ही बाजूंनी धार, अरुंद पातं, एका हाताने चालवायची. तीन वर्षांपूर्वी पाठदुखीसाठी म्हणून मी त्यांच्याकडे गेले होते. समोर मी त्यांना टीचर म्हणते, मनात मात्र काकू. आम्ही पाच-सहा जण पत्र्यासारख्या लवलवत्या, बोथट तलवारी घेऊन हळूहळू हात फिरवायचो. बदकं आमच्याकडे बघायचीसुद्धा नाहीत.

परमिट संपल्याला महिना झाला असेल. वर्ग सुटल्यावर काकूंनी मला थांबवलं.

"तू हात फिरवतेस ते सुंदर दिसतं," त्या म्हणाल्या. "पण त्याने काही कापलं जाणार नाही. आता कापायला शिक."

"कशाने? हिने तर लोणीही कापलं जायचं नाही."

"खरी तलवार घे. स्वस्तातली नको, तिचं पातं मुठीतून सुटतं आणि कुणाला तरी लागतं. फार महाग नको, तू तिला वापरायलाच घाबरशील. मधली घे."

"तुमची वापरली तर?"

"माझी माझ्या उंचीची आहे," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

संध्याकाळी जेवताना मी विषय काढला.

"तलवार? यार, सिरियसली?" नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"प्रॅक्टिसची. भिजवलेल्या चटयांच्या गुंडाळ्या कापायच्या असतात."

"पण धार असणार ना? उद्या शेजाऱ्याने पाहिली आणि पोलिसांना फोन केला तर? आपली ग्रीन कार्डची फाइल आत आहे. नसतं झेंगट नको."

आमच्या घरी 'आपली फाइल' हे एखाद्या तापट म्हाताऱ्या नातेवाइकासारखं आहे. फेसबुकवर काय लिहायचं, मोर्चा दिसला तर कुठून वळायचं, सिग्नलला किती वेळ थांबायचं, सगळं तिच्या मर्जीने. एरवी मी गप्प बसते. त्या दिवशी नाही बसले.

"मी दिवसभर या चार भिंतींत काय करते, विचारलंस कधी? मला काम करता येत नाही, कुठे जाता येत नाही. एक गोष्ट मागतेय."

"आणि मला कुठे जाता येतं?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "त्याच मशीनसमोर अकरा वर्षं उभा आहे मी. प्रमोशनसुद्धा नाकारलं, पोस्ट बदलली तर कागद पुन्हा पहिल्यापासून करावे लागतील म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. मुलगी आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी "कॅन आय बी एक्स्क्यूज्ड?" म्हणत ताट उचलून गेली.

दोन दिवसांनी त्याने मला एक ईमेल दाखवलं. त्याने चक्क वकिलाला विचारलं होतं. उत्तर दोन ओळींचं होतं: घरात तलवार ठेवण्यात काही गैर नाही, पावती जपून ठेवा.

"घे," तो म्हणाला. "पण मुलीच्या हाताला लागेल अशी ठेवू नकोस."

फिनिक्सच्या औद्योगिक भागात साठीतला एक माणूस चीनमधल्या दोन-तीन कारखान्यांकडून तलवारी मागवून विकतो. शनिवारी काकू मला तिथे घेऊन गेल्या. पत्र्याचं गोदाम, आत एक मोठा पंखा, लांबट खोकी छतापर्यंत रचलेली. काकूंनी सांगितलं, "मधल्या किमतीतल्या दाखव. कापायला हवी." त्याने टेबलावर चादर अंथरली आणि तीन तलवारी ठेवल्या.

तिकडे असताना मी भोसरीच्या एका हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात नोकरी करत होते, हे इथपर्यंत सांगायचं राहूनच गेलं. पोलाद किती तापवायचं, कशात विझवायचं, पाणी दिल्यावर पुन्हा किती ऊब द्यायची म्हणजे ते कडकही राहील आणि तडकणारही नाही, यात माझी सहा वर्षं गेली. त्या टेबलापाशी उभी राहिले आणि महिनाभरात पहिल्यांदा हातांना काय करायचं ते कळलं.

पहिली तलवार देखणी होती. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, मुठीवर पितळी ड्रॅगन. "ही सगळ्यात जास्त खपते," तो म्हणाला. मी ती हातात धरली आणि मुठीवर दुसऱ्या हाताने थापटी मारली. आतून बारीकसा खुळखुळ आवाज आला.

"मूठ उघडता येईल?"

"गिऱ्हाइकांसाठी उघडत नाही मी."

"मग मी घेत नाही."

त्याने काकूंकडे पाहिलं. काकू पंख्याकडे बघत होत्या. त्याने कुरकुरत पाना आणला, शेवटचा नट सोडवला आणि मूठ ओढून काढली. पातं मुठीत शिरता शिरता संपलं होतं. त्याच्या पुढे बोटाएवढी बारीक सळई वेल्डिंग करून जोडलेली होती.

"इथे," मी वेल्डिंगवर नख टेकवलं. "जोडाच्या शेजारचा हा निळसर पट्टा दिसतो? इथलं पोलाद तापून बिघडलंय. शंभर वेळा मारलं तर काही होणार नाही. कधीतरी एकदा इथून तुटेल आणि पातं समोरच्या माणसाच्या दिशेने जाईल."

तो चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ त्या जोडाकडे बघत राहिला.

दुसरी आतून धड होती. पातं मुठीच्या टोकापर्यंत सलग गेलेलं, धार कडक. पण उचलली की पहार उचलल्यासारखं वाटायचं. सगळं वजन टोकाकडे. चार वार केले आणि मनगट भरून आलं. तिसरीवर कसलीच नक्षी नव्हती. साधी लाकडी मूठ, काळं म्यान, एका जागी खरचटलेलं. मी कानस मागितली. मुठीलगत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, धारेवर हलकेच फिरवली. कानस चावली नाही, घसरली, म्हणजे धार कडक होती. मग टोक लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून पातं वाकवलं आणि सोडलं. ते थेट जागेवर आलं. डोळ्यासमोर धरून पाहिलं, तर टोकापासून वीतभर अंतरावर एका बाजूला घासणं किंचित जास्त झालं होतं. कारागीर त्या दिवशी थकला असेल. उलटी धरून हात खाली सोडला, तेव्हा टोक बरोबर माझ्या कानापर्यंत आलं.

"हीच," मी म्हणाले. किंमतही बाकी दोघींच्या मधली होती.

म्यानाला कापड गुंडाळता गुंडाळता त्या माणसाने विचारलं, "तू हे कुठे शिकलीस?" मी सांगितलं. तो म्हणाला, "दर महिन्याला माल येतो. मला पोलादातलं काही कळत नाही, मी फक्त विकतो. तू महिन्यातून दोन दिवस ये, प्रत्येक खोक्यातली एक उघडून बघ. तासाचे चांगले पैसे देईन."

माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. अगदी ओठांपर्यंत.

"मला काम करायची परवानगी नाही," मी म्हणाले. "सध्या."

"दोनच दिवस आहेत."

"दोन तासही नाही."

"बरं, पैसे नको. ही तलवार घेऊन जा, त्या बदल्यात ये."

"तेही पैसेच धरतात."

"मग अशीच ये. मैत्रीण म्हणून."

"तसंही नको. दुसऱ्या कुणाला तू या कामाचे पैसे दिले असतेस, म्हणजे ते कामच."

त्याला वाटलं मी टाळते आहे. चेहरा जरा ओढला गेला. मी त्याला अर्ज, मुदत, रांग, सगळं समजावून सांगायला लागले आणि अर्ध्यावरच थांबले. मी नवऱ्याचं कार्ड पुढे केलं. त्याने ते घेतलं, वरचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि मशीनमध्ये घातलं. ती वेल्डिंगवाली तलवार तो परत खोक्यात ठेवत होता. विकणार होता की नाही, मी विचारलं नाही.

गाडीत काकू म्हणाल्या, "मीसुद्धा सात वर्षं थांबले होते." एवढंच.

नोव्हेंबरमध्ये ऊन सोसवायला लागलं तेव्हा काकूंच्या मागच्या अंगणात कापणं सुरू झालं. चटईच्या गुंडाळ्या दोरीने बांधून आदल्या दिवशी कचऱ्याच्या मोठ्या डब्यात भिजत घालायच्या, सकाळी खुंट्यावर उभ्या करायच्या. माझा पहिला वार अर्ध्यात रुतला. तलवार ओढली तर गुंडाळीसकट खुंटा हलला.

"तू गुंडाळीला मारतेस," काकू म्हणाल्या. "पातं तिरकं जातंय, आणि पोचल्याबरोबर तू थांबतेस."

"भीती वाटते."

"कशाची? कापली जाईल याची?"

त्या दिवशी एकही गुंडाळी धड कापली गेली नाही. पुढच्या शनिवारीही नाही. रस्त्याने तलवार घेऊन चालत जायला नको म्हणून नवरा मला गाडीने सोडायला यायचा आणि गाडीतच फोन बघत बसायचा. चौथ्या शनिवारी तो पाणी प्यायला म्हणून आत आला, त्याच वेळी माझा वार आरपार गेला. आवाज असा झालाच नाही. वरचा तुकडा क्षणभर जागेवरच राहिला, मग घसरून गवतावर पडला.

"च्यायला," नवरा म्हणाला. मग काकूंकडे बघून, "सॉरी."

"काय म्हणाला?" काकूंनी विचारलं.

"छान झालं म्हणतोय," मी सांगितलं.

जानेवारीत त्याच्या कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाही तर देश सोडायचा. आम्ही एका रविवारी बसून यादी केली: काय विकायचं, काय द्यायचं, काय न्यायचं. मुलगी तिच्या खोलीचं दार लावून बसली. तलवारीशी आल्यावर नवरा पेन घेऊन थांबला. "ही कुठे लिहू?"

मी काकूंना विचारलं, आम्हाला जावं लागलं तर तुम्ही ठेवाल का.

त्यांनी मला आत नेलं. कोटांच्या कपाटात, कोटांच्या मागे, तीन तलवारी उभ्या होत्या. प्रत्येकीच्या मुठीला नावाची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली.

"हा मुलगा विद्यापीठात होता. ही बाई हॉस्पिटलमध्ये. हे नवरा-बायको तुमच्यासारखेच रांगेतले, कॉम्प्युटरवाले. नऊ दिवसांत गेले," त्या म्हणाल्या. "परत येऊन घेऊन जातो म्हणाले सगळे."

"आलं कोणी?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मी तेल लावते. पण आता बोटं दुखतात."

कंपनीने जानेवारीत काही माणसं काढली, नवरा राहिला. परमिट अजून आलेलं नाही. सरकारी साइटवर रोज एकच ओळ दिसते. माणसं काढल्यानंतरच्या शनिवारी कापून झाल्यावर मी कपाटातल्या तिन्ही तलवारी काकूंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतल्या. त्या नवरा-बायकोच्या तलवारीवर धारेजवळ गंजाचा ठिपका धरला होता, आणि तिची मूठही थोडी सैल झाली होती. मी बारीक पॉलिश पेपर मागितला.

बाहेरून हॉर्न वाजला. मग फोन.

"झालं का?" नवरा म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. "तू आत ये. वेळ लागणार आहे."