सांडवा सोडून सगळं आमचं

जिथे कामं वेळेवर होतात तिथे किस्से होत नाहीत. आमच्याकडे किस्से ढिगाने आहेत, यावरून काय ते समजा.

उज्जैनपासून पाऊण तासावर आमच्या घराण्याचं एक छोटं मातीचं धरण आहे. एकदम खाजगी. दरबारात चाकरी केलेल्या कुणा पूर्वजाला जमीन मिळाली, त्याने ओढ्यावर बांध घातला, झालं धरण. आता मालक तीन. भाऊकाका, बँकेतून रिटायर. नानाकाका, कॉलेजात शिकवून रिटायर. आणि माझे बाबा. ते शाळेत अजून शिकवतात, पण निर्णय घेण्यातून कधीच रिटायर झालेत.

मी चिमू. सिव्हिल इंजिनीअरिंग तिसऱ्या वर्षी सोडलं. का सोडलं तो विषय वेगळा. पण मातीचा पेपर मी पास झाले होते, हे इथे लिहून ठेवते, कारण घरात कुणाच्या लक्षात नाही.

बांधाच्या पायथ्याशी दहा-बारा घरांची वस्ती आहे. पहिलं घर मांगीलालजी आणि कमलाबाईंचं. मांगीलालजी वर्षानुवर्षं हे धरण राखतात. उद्या बांध फुटला तर पाणी आधी त्यांच्या चुलीत शिरणार, उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या भाऊकाकांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नाही. एवढं एक लक्षात ठेवून पुढचं वाचा. आमच्या मोठ्यांच्या ते लक्षात राहत नाही.

*

आजोबांच्या पिढीत वाटणी झाली. शेतं वाटली, आमराई वाटली आणि धरणसुद्धा वाटलं. लांबीत! शेवग्याची शेंग कापावी तसे बांधाचे तीन तुकडे केले. मध्ये खुणेचे दोन दगड रोवले. एका टोकाचा तुकडा भाऊकाकांचा, मधला आमचा, दुसऱ्या टोकाचा नानाकाकांचा. ज्याने त्याने आपापला सांभाळायचा.

नानाकाकांच्या तुकड्याच्या पलीकडे सांडवा आहे. तलाव भरला की जादा पाणी जिथून बाहेर जातं ती वाट. धरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा! ती कागदावर कुणाच्याच नावावर नाही. लिहायची विसरले.

एकदा पटवारी, म्हणजे आमच्याकडचा तलाठी, नकाशा तपासायला आला. त्याने तीन तुकडे पाहिले, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"साहब, इसकी एक कॉपी पानी को भी दी है ना?"

भाऊकाका अगदी गंभीरपणे म्हणाले, "नहीं नहीं, हमारे तीन ही हिस्सेदार हैं."

*

रिटायर झाल्यावर भाऊकाकांना उत्साह आला. त्यांनी आपला तुकडा कमरेएवढा उंच केला. ट्रॉल्यांनी माती ओतली. ना पाणी मारलं, ना रोलर फिरवला, वर एक सिमेंटचा बाक ठेवला आणि गुलाब लावले. बाकावर बसून फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: "कर्तव्यपूर्ती."

आमचा मधला तुकडा ट्रॅक्टर आणि म्हशी जाऊन जाऊन आधीच दबलेला. आता तर तो दोन डोंगरांमधल्या खिंडीसारखा दिसायला लागला.

मी म्हटलं, "काका, तुमचा भाग उंच झाला म्हणून पाणी थांबणार नाही. ते आमच्या भागावरून जाईल. आणि आमच्या बरोबर खाली मांगीलालजींचं घर आहे."

"मग तुझ्या बापाला सांग ना उंच करायला. मी माझी जबाबदारी पार पाडली!"

बापाला सांगितलं. बाप म्हणाला, "बघू."

हे "बघू" मी दहावीत असल्यापासून ऐकतेय.

*

मग ओल दिसली. बांधाच्या पायथ्याशी, भाऊकाका आणि आमच्या मधल्या दगडापाशी, ताटाएवढी ओली जागा. पाणी आतून वाट काढतंय याची ही पहिली खूण असते. ते पाणी नितळ असलं तर निदान विचार करायला वेळ असतो. गढूळ झालं तर समजायचं की ते आतली माती घेऊन बाहेर पडतंय.

भाऊकाका आणि बाबा पाहायला आले. मला वाटलं, आता तरी घाबरतील. भाऊकाकांनी खिशातून काय काढावं? शिंप्याची टेप!

दगडापासून माप घेतलं. "हे बघ, आठ इंच तुझ्याकडे, चार इंच माझ्याकडे."

बाबा म्हणाले, "दगड थोडा सरकलाय."

"दगड कसा सरकेल?"

"म्हशींनी सरकवला असेल."

अर्धा तास हेच. कमलाबाई डोक्यावर हंडा घेऊन उभ्या राहून ऐकत होत्या.

आठ दिवसांनी परत गेलो तर भाऊकाका खूश. "बघ, ओल सरकली! आता बरीचशी तुमच्याकडे आली."

"काका, ती सरकली नाही. वाढली."

*

"अर्ध्या इंजिनीअरचं काय ऐकायचं?" असं ठरलं आणि पूर्ण इंजिनीअर बोलावला. नानाकाकांचा जावई. इंदूरला बिल्डिंगा बांधतो. पांढरे बूट घालून आला. बांधावर चालला, सेल्फी घेतला, मग टाच जोरात आपटून म्हणाला, "एकदम सॉलिड आहे, पप्पा. टेन्शनच नाही."

पुढचं पाऊल घुशीच्या बिळात! पाय गुडघ्यापर्यंत आत!

मांगीलालजी आणि मी ओढतोय, तो ओरडतोय, बूट काही निघेना. मी नानाकाकांना म्हटलं, "हे असलं बीळ पाण्याला आरपार रस्ता देतं. अशी किती असतील आत?"

नानाकाका म्हणाले, "उलटं बघ ना जरा. आतूनही किती घट्ट आहे, पाय सुटत नाहीये!"

जावई गेला. बूट अजून बांधातच आहे.

*

नानाकाकांनी तलावात मासे सोडले होते. पाऊस आला की सांडव्यावरून मासे वाहून जायचे. म्हणून त्यांनी सांडव्यावर आडवी भिंत घातली. छातीएवढी. जादा पाण्याची वाटच बंद!

मी फोन केला. "काका, सांडवा कुणी बंद केला?"

"मी. का?"

"सांडवा तुमचा आहे?"

"छे! तो कुणाचाच नाही."

"मग भिंत कशी बांधली?"

"सांडवा माझा नाही, चिमे. मासे माझे आहेत."

मी फॅमिली ग्रुपवर धरणाचं चित्र काढून पाठवलं. पाणी कुठे चढेल, कुठून ओतेल, कुणाच्या घरावर पडेल, सगळं बाण काढून. भाऊकाकांनी हात जोडले. नानाकाकांनी अंगठा दिला. बाबांनी ते चित्र मलाच परत फॉरवर्ड केलं.

कमलाबाईंनी मात्र समोर आल्यावर नानाकाकांना थेट विचारलं, "बाबूजी, पानी किधर से जाएगा?"

"वो बरसात में सोचेंगे," प्रोफेसर म्हणाले.

*

बरसात आली.

दोन दिवस संततधार. तिसऱ्या दिवशी सकाळी मांगीलालजींचा फोन. "बिटिया, वो गीली जगह का पानी मटमैला आ रहा है." गढूळ! मी स्कूटी काढली. पोचले तेव्हा तलाव आमच्या मधल्या तुकड्याच्या काठापासून वीतभर खाली होता आणि चढत होता. वस्तीतली माणसं, म्हातारी, शेरडं, सगळी आधी टेकाडावरच्या शाळेत हलवली. कमलाबाईंनी पेटती चूल तशीच सोडली.

मग जेसीबी. तो कुठे मिळणार? सगळे नदीवर, सिंहस्थाच्या कामाला. शेजारच्या गावात एकाचा शेतातला सापडला. ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, दीवार एकदम नहीं गिरानी. ऊपर से, एक-एक परत." एकदम पाडली असती तर सगळा लोंढा एका वेळी सुटला असता.

नानाकाकांचा फोन. "भिंतीला हात लावलास तर पोलीस बोलावीन!"

"बोलवा. लवकर यायला सांगा. गोणी भरायला माणसं कमी पडतायत."

बाबांचाही आला. मी वाट पाहिली. "बघ..." म्हणाले आणि थांबले. मी फोन ठेवला आणि ड्रायव्हरला हात केला.

पहिला थर निघाला. दुसरा. पाणी सांडव्यावरून टेकाडामागच्या नाल्यात धावायला लागलं, नानाकाकांचे मासे घेऊन. आम्ही दुपारपर्यंत मधल्या तुकड्यावर गोणी रचत होतो आणि खाली ओलीवर आधी वाळू, मग गिट्टी टाकत होतो, म्हणजे पाणी येईल पण माती आतच राहील. संध्याकाळच्या आत पाणी हातभर उतरलं. ओलीतलं पाणी हळूहळू नितळ झालं. बांध राहिला. घरं राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे काका गाडीतून आले. भाऊकाकांनी बांध पाहिला, गुलाब पाहिले, खाली वस्ती पाहिली. कमलाबाई शाळेतून परत आणलेल्या गोधड्या वाळत घालत होत्या.

"बघ," भाऊकाका मला म्हणाले, "झालं का काही? काहीही झालं नाही. उगाच भिंत पाडलीस."

"पॅनिक!" नानाकाका म्हणाले. "या पिढीला पॅनिक करायची सवयच आहे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात कमलाबाई म्हणाल्या, "सही बात है बाबूजी. कुछ नहीं होता. तो आज रात इधर ही रुक जाओ ना. खाट कहाँ डालूँ, अंदर कि आँगन में?"

पश्चिमेकडून पुन्हा काळं येत होतं.

भाऊकाकांनी आधी आभाळाकडे पाहिलं. मग गाडीच्या ड्रायव्हरकडे.